१९२३ची अदलाबदल: आजचा ग्रीस कसा घडला

३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ग्रीस आणि तुर्कस्तानच्या प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या. त्याचं पहिलंच कलम असं होतं: तुर्कस्तानात राहणारे ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माचे तुर्की नागरिक आणि ग्रीसमध्ये राहणारे मुस्लिम धर्माचे ग्रीक नागरिक यांची १ मे १९२३ पासून सक्तीने अदलाबदल होईल, एकदा गेलेल्याला तिथल्या सरकारच्या परवानगीशिवाय परत येऊन राहता येणार नाही. ज्यांची अदलाबदल व्हायची होती त्यांना कोणी काही विचारलं नाही. ग्रीसला आपण सॉक्रेटिसच्या आणि अथेन्सच्या लोकशाहीच्या सलग धाग्याने ओळखतो. पण आज नकाशावर दिसणारा, जवळजवळ एका धर्माचा आणि एका भाषेचा ग्रीस बऱ्याच अंशी या कागदातून निघाला आहे.

हा कागद का लागला, हे समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. १८२१ला ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि १८३०मध्ये ब्रिटन, फ्रान्स व रशियाने ग्रीसचं स्वातंत्र्य मान्य केलं. पण तो ग्रीस अगदी तोकडा होता. १८३२ला ठरलेली उत्तरेची सीमा आर्टा ते व्होलोस या रेषेपाशी थांबत होती आणि लोकसंख्या जेमतेम आठ लाख. ग्रीक बोलणारे, ग्रीक चर्चला जाणारे बहुसंख्य लोक सीमेबाहेरच राहिले: कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल), स्मिर्नात (आजचं इझमीर), काळ्या समुद्राकाठी पोन्टसमध्ये, क्रीटवर. १८४४मध्ये योआनिस कोलेत्तिस या नेत्याने घटना समितीत भाषण करताना सांगितलं, की हे राज्य म्हणजे ग्रीस नव्हे, ग्रीसचा सर्वांत लहान आणि गरीब तुकडा आहे. ‘मेगाली इदेआ’, म्हणजे महान संकल्पना, हे नाव तिथून रूढ झालं. पुढची ऐंशी वर्षं ग्रीक राजकारणात या संकल्पनेला उघड विरोध करणारा पुढारी टिकणं कठीणच होतं.

आणि संकल्पना फळतही होती. १८६४ला ब्रिटनने आयोनियन बेटं दिली, १८८१ला थेसली मिळाली, १९१२-१३च्या बाल्कन युद्धांत थेसालोनिकी, दक्षिण मॅसिडोनिया, एपिरस आणि एजियन समुद्रातली बरीच बेटं आली, क्रीटचं विलीनीकरणही झालं. देशाचं क्षेत्रफळ सुमारे दोन तृतीयांशांनी वाढलं. याच युद्धांत बाल्कनमधले लाखो मुसलमान घरदार सोडून अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, पळाले, ही गोष्ट ग्रीक शाळांत फारशी शिकवली जात नाही. त्यांच्या कडवटपणाची किंमत १९१४मध्ये एजियनच्या तुर्की किनाऱ्यावरच्या ग्रीकांनी बहिष्कार, मारहाण आणि हकालपट्टीच्या रूपाने मोजली. पहिल्या महायुद्धात पोन्टसच्या ग्रीकांना देशाच्या आतल्या भागात पायी हाकलण्यात आलं, कित्येक पुरुष मजूर तुकड्यांत मेले.

महायुद्ध संपल्यावर पंतप्रधान एलेफ्थेरिओस व्हेनिझेलॉस यांना वाटलं, आता वेळ आली. दोस्त राष्ट्रांच्या संमतीने १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य स्मिर्ना बंदरात उतरलं. पहिल्याच दिवशी गोळीबार आणि रक्तपात झाला. ऑगस्ट १९२०च्या सेव्हरच्या तहाने स्मिर्ना आणि आसपासचा मुलूख ग्रीक प्रशासनाखाली दिला. पुढे जे घडलं त्यात एका माकडाचाही वाटा आहे. ऑक्टोबर १९२०मध्ये तरुण राजा अलेक्झांडर माकडाच्या चाव्यातून झालेल्या जंतुसंसर्गाने वारला, वर्षाअखेर त्याचे पदच्युत वडील कॉन्स्टंटाइन गादीवर परतले. मधल्या निवडणुकीत व्हेनिझेलॉस हरले होते. राजपक्षाने सैनिकांना घरी आणण्याच्या आशेवर मतं घेतली आणि सत्तेवर आल्यावर युद्ध आणखी आत नेलं. माकड नसतं तर सगळं टळलं असतं, असं मात्र मला वाटत नाही. अनातोलियाच्या पठारावर एवढ्या लांबवर रसद पुरवणं ग्रीसच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९२१च्या उन्हाळ्याअखेर साकार्या नदीवर, अंकाराच्या जवळ, मुस्तफा केमाल (पुढचे अतातुर्क) यांच्या तुर्की सैन्याने ग्रीकांना अडवलं. २६ ऑगस्ट १९२२ला तुर्कांचा मोठा हल्ला सुरू झाला आणि दोन आठवड्यांत आघाडी कोसळली. माघार घेताना ग्रीक सैन्याने मनिसा, आलाशेहिरसारखी गावं जाळली. पुढे जुलै १९२३मध्ये झालेल्या लोझानच्या मुख्य तहातल्या ५९व्या कलमात ग्रीसने आपल्या सैन्याच्या अशा कृत्यांची भरपाई देणं लागतो हे कबूल केलं, आणि ग्रीसची परिस्थिती पाहून तुर्कस्तानने ती सोडून दिली.

९ सप्टेंबरला तुर्की फौज स्मिर्नात शिरली. मुख्य धर्मगुरू ख्रिसोस्तोमोस यांना जमावाने ठार केलं. १३ तारखेला आर्मेनियन वस्तीत आग लागली; आर्मेनियन आणि ग्रीक वस्त्या जळून गेल्या, तुर्की आणि ज्यू वस्त्या बहुतांशी वाचल्या. आग कोणी लावली याचे दोन देशांत आजही दोन इतिहास आहेत. लाखो माणसं धक्क्यावर अडकली होती, पुढे पाणी, मागे आग. बंदरात ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन, अमेरिकन युद्धनौका उभ्या होत्या आणि तटस्थतेचे हुकूम पाळत बराच काळ नुसत्या उभ्याच राहिल्या. शेवटी आसा जेनिंग्ज या अमेरिकन धर्मसेवकाने खटपट करून लेस्बोस बेटावरची ग्रीक जहाजं आणवली आणि मोठी सुटका झाली. लष्करी वयाच्या पुरुषांना मात्र जाऊ दिलं नाही. त्यांना आत मजुरीला नेलं, त्यातले अनेक परतले नाहीत. अथेन्समध्ये लष्कराने बंड केलं आणि नोव्हेंबरमध्ये माजी पंतप्रधान व सरसेनापतींसह सहा जणांना राजद्रोहाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. राजाचा भाऊ राजपुत्र आंद्रेआस याचं हद्दपारीवर निभावलं. त्याचा तान्हा मुलगा फिलिप पुढे ब्रिटनच्या राणीचा नवरा झाला.

म्हणजे लोझानला वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच ग्रीसमध्ये येऊन पडली होती. अदलाबदलीचा प्रस्ताव राष्ट्रसंघाच्या वतीने फ्रिद्योफ नान्सेन यांनी मांडला. त्याच वर्षी, म्हणजे १९२२ला, त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. लोझानला ग्रीसची बाजू मांडणाऱ्या व्हेनिझेलॉसना निर्वासितांसाठी मुसलमानांची घरं आणि जमिनी हव्या होत्या, तुर्कांना ग्रीक परत यायला नको होते. परिषदेत ब्रिटनतर्फे सूत्रं हलवणारे लॉर्ड कर्झन, १९०५ला बंगालची फाळणी करणारे तेच, या तोडग्याला वाईट आणि दुष्ट म्हणाले, शंभर वर्षं जगाला याची किंमत मोजावी लागेल असा इशाराही दिला. मग तोडगा मंजूर होऊ दिला.

ग्रीक कोण आणि तुर्क कोण, हे ठरवायला धर्माचीच फूटपट्टी का? कारण ऑटोमन साम्राज्यात शेकडो वर्षं प्रजेची नोंदच धर्मानुसार होत होती. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणजे ‘रूम मिल्लेत’, त्यांचा प्रमुख कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क. घरात कोणती भाषा बोलतात याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. त्यामुळे काप्पाडोकियातले करामानली ख्रिस्ती, ज्यांची मातृभाषा तुर्की होती आणि जे तुर्की ग्रीक लिपीत लिहीत, ते ‘मायदेशी’ ग्रीसला पाठवले गेले. क्रीटचे मुसलमान, ज्यांतल्या बहुतेकांना ग्रीकशिवाय दुसरी भाषा धड येत नव्हती, ते आयवालिकसारख्या गावांत ‘मायदेशी’ तुर्कस्तानला उतरले. तिथे शेजाऱ्यांनी त्यांना अर्धे काफर ठरवलं. इकडे आलेल्यांना स्थानिक ग्रीक ‘तुर्काचं बी’ म्हणत, ‘दह्याने बाप्तिस्मा झालेले’ म्हणत, कारण त्यांच्या रांधण्यात दही फार.

१९२८च्या जनगणनेत ग्रीसमध्ये सुमारे १२ लाख २० हजार निर्वासित नोंदले गेले, एकूण लोकसंख्या ६२ लाख. उलट्या दिशेने साडेतीन ते चार लाख मुसलमान गेले. दर पाच माणसांत एक निर्वासित, आणि तोही दहा वर्षं युद्ध करून दिवाळखोरीच्या दाराशी उभ्या देशात. अथेन्सच्या नगर नाट्यगृहात प्रेक्षकांच्या एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहत होतं. शाळा, चर्च, गोदामं भरली. पहिली दोन वर्षं टायफस आणि मलेरियाने माणसं मेली. राष्ट्रसंघाच्या मदतीने निर्वासित वसाहत आयोग स्थापन झाला, अमेरिकेचे हेन्री मॉर्गेन्थाऊ त्याचे पहिले अध्यक्ष होते. परदेशी कर्जातून आयोगाने मॅसिडोनिया आणि थ्रेसमध्ये, मुसलमानांनी सोडलेल्या जमिनींवर, शेकडो खेडी वसवली. उत्तर ग्रीसमध्ये ग्रीक बहुसंख्य झाले ते यामुळे. मुसलमान गेल्यावर थेसालोनिकीचे मिनार एकेक करून पाडले गेले. रोटुंडा या रोमन इमारतीशेजारचा तेवढा राहिला. मुस्तफा केमाल यांचा जन्म याच शहरातला.

शहरी निर्वासितांचे हाल जास्त झाले. अथेन्स आणि पिरेअसभोवती नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, निकेआ अशा वस्त्या उभ्या राहिल्या. गालिचे, कापड, तंबाखू या धंद्यांना स्वस्त आणि कुशल हात मिळाले, बायकांचे सर्वांत जास्त. १९२४ला कॉन्स्टँटिनोपलच्या निर्वासितांनी अथेन्समध्ये एईके हा फुटबॉल क्लब काढला, दोन वर्षांनी थेसालोनिकीत पाओक निघाला. दोन्हींच्या बिल्ल्यावर बायझंटाइन दुतोंडी गरुड आहे. सगळ्यात खोल ठसा गाण्यावर उमटला. संतूर, उद आणि व्हायोलिनवर स्मिर्नाची गाणी म्हणणारे कलाकार पिरेअसच्या बंदरातल्या बुझुकीवाल्यांना भेटले आणि रेबेटिको या शहरी लोकसंगीताला बहर आला. हुकूमशहा मेताक्सासने १९३६नंतर सेन्सॉर लावून त्यातले पूर्वेकडचे सूर छाटायला लावले, कारण त्याला ग्रीस प्राचीन हवा होता, अनातोलियातला नव्हे. तेच रेबेटिको २०१७ला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

मागे सोडलेल्या मालमत्तेची भरपाई मिळेल, असं करारात लिहिलं होतं. १९३०मध्ये दोन्ही सरकारांनी परस्परांचे दावे एकमेकांत वजा करून टाकले आणि व्हेनिझेलॉस अंकाराला जाऊन आले. राज्यांच्या दृष्टीने हा मुत्सद्देगिरीचा कळस होता. चार वर्षांनी व्हेनिझेलॉसनी केमाल यांचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं. निर्वासितांनी इतकी वर्षं व्हेनिझेलॉसना डोळे मिटून मतं दिली होती. आता अनेक जण डावीकडे वळले.

हा तोडगा यशस्वी म्हणून जगभर मिरवला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४०मध्ये पाकिस्तानच्या मागणीवर लिहिलेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियाचा दाखला देऊन अल्पसंख्याकांची अदलाबदल हाच कायमचा उपाय असल्याचं म्हटलं. १९४७ला पंजाबात अदलाबदल झाली, पण कराराविना आणि आयोगाविना. लोझानला निदान हे दोन्ही होते.

करारातून दोन समूह वगळले होते: कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान. एकमेकांचे ओलीस म्हटलं तरी चालेल. इस्तंबूलमध्ये तेव्हा एक लाखावर ग्रीक होते. १९४२चा, बिगरमुस्लिमांवर जबर बसवलेला संपत्ती कर, सप्टेंबर १९५५ची ग्रीकविरोधी दंगल आणि १९६४ची हकालपट्टी यांनंतर आज काही हजारच उरलेत. पेट्रिआर्क अजून तिथेच बसतो. थ्रेसमधले मुसलमान संख्येने टिकले, पण नागरिकत्व कायद्याच्या १९व्या कलमाखाली १९९८पर्यंत हजारोंचं ग्रीक नागरिकत्व काढून घेतलं गेलं. वारसाहक्क आणि विवाहाच्या बाबतीत त्यांना शरियत लागू राहिली, तीही लोझानचा हवाला देऊन. नवऱ्याने मृत्युपत्राने सगळी मालमत्ता बायकोच्या नावे केली तरी शरियतीप्रमाणे तिला तेवढी मिळणार नाही, असं ग्रीक न्यायालयांनी एका विधवेला सांगितलं. जानेवारी २०१८मध्ये अथेन्सने शरियत ऐच्छिक केली आणि त्याच डिसेंबरात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या विधवेच्या बाजूने कौल दिला.