काळीज, वजडी आणि बकऱ्याचे आतले मांस

बकरा, मेंढी, डुक्कर, कोंबडी अशा खाद्यप्राण्यांचे यकृत, हृदय, मूत्रपिंड, जठर, आतडी, मेंदू, फुप्फुस हे अवयव, तसेच त्यांच्याबरोबर विकले जाणारे डोके, पाय व रक्त यांचा या नोंदीत विचार केला आहे. या सगळ्यांना मिळून मराठी बोलीत एकच नाव नाही. ‘अवयवमांस’ हा पुस्तकी शब्द दुकानात कोणी वापरत नाही. तिथे प्रत्येक भाग आपापल्या नावाने मागितला जातो.

सर्वांत लक्षणीय शब्द काळीज. खाटकाकडे काळीज मागितले की यकृत मिळते. बोलण्यातले काळीज मात्र हृदयाच्या जागी बसले आहे: काळजात धस्स होते, काळजाला घरे पडतात, लेक काळजाचा तुकडा असते. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत; हिंदीतला कलेजा, बाजारातली कलेजी आणि मराठी काळीज ही एकाच कुळातली. भावनेचे घर यकृतात मानण्याची ही रीत फारसीतही आहे. जिगर म्हणजे यकृतच. जिगरबाज आणि जिगरी दोस्त हे शब्द तिथूनच मराठीत आले. शाळेच्या पुस्तकाने यकृत व हृदय असे दोन नेमके शब्द दिले आणि काळीज कवितेकडे ढकलले. मटणाच्या दुकानाने मात्र त्याचा जुना अर्थ जपला. हृदय हवे असेल तर मुंबईच्या दुकानात ‘दिल’ म्हणावे लागते.

इतर नावांतही पुस्तक आणि बाजार यांची अशीच फारकत दिसते. मूत्रपिंड म्हणजे गुर्दा, प्लीहा म्हणजे तिल्ली, मेंदू म्हणजे भेजा, फुप्फुस म्हणजे फेफडे, वृषण म्हणजे कपुरे, शेळीची कास म्हणजे खिरी. यांतली बरीच नावे फारसी-हिंदीतून आली, कारण शहरांतल्या मटणबाजाराची बोली दख्खनी-हिंदी राहिली. पाय मराठीत खूर, पण रस्सा पायाचाच. डोक्याला मुंडी म्हणतात. कोंबडीच्या दुकानात ‘कलेजी-पेटा’ ही जोडी मिळते. पेटा म्हणजे दाणे दळणारे स्नायूमय जठर. त्याच्या आतले पिवळे जाड अस्तर सोलून टाकतात.

वजडी (वझडी) म्हणजे बकऱ्याचे जठर व आतडी. दख्खनी बोलीत हीच बोटी. ‘बोटी कबाब’मधली बोटी मात्र नुसता मांसाचा तुकडा, त्यामुळे नवख्याची फसगत होते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या जठराला चार कप्पे असतात. पहिला मोठा आणि आतून लव असल्यासारखा, दुसरा मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा, तिसरा पुस्तकाच्या पानांसारख्या घड्यांचा. साफ करण्याची खरी मेहनत या घड्यांमध्ये आहे. वजडी गरम पाण्यात बुडवून आतला काळपट थर सुरीने खरवडतात, कुठे त्यासाठी चुना लावतात, आतडी उलटी करून धुतात, मग हळद-मीठ चोळून पुन्हा धुतात. नंतर बारीक तुकडे करून आले-लसूण, कांदा व तिखट घालून बराच वेळ शिजवतात. चांगली वजडी दाताखाली किंचित लवचीक लागते. वास राहिला तर दोष धुण्यात असतो.

काळजाचे उलटे आहे. ते थोड्या वेळात होते आणि जास्त शिजवले की कडक पडते; म्हणून बकरा कापल्यावर मटण शिजेपर्यंत निखाऱ्यावर आधी तेच भाजतात. गुर्द्याचा आतला पांढरा गाभा काढला नाही तर लघवीचा वास येतो. भेजा हळदीच्या पाण्यात हलका उकळून, वरचा पापुद्रा व शिरा काढून मग तव्यावर घेतात. कोल्हापुरात रक्ती-मुंडीला वेगळा मान आहे. रक्ती म्हणजे गोठलेले रक्त कांदा-मसाल्यात परतून केलेला पदार्थ.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजात डुकराच्या काळजा-हृदयापासून सोरपोतेल होते. मूळ पदार्थ पोर्तुगालचा. इथे त्यात मिरची मुरली. व्हिनेगरमुळे ते टिकते आणि दोन-तीन दिवसांनी अधिक चवदार लागते. गोव्यात ते सान्नांबरोबर, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या मऊ भाकऱ्यांबरोबर खातात, ईस्ट इंडियन घरांत फुग्यांबरोबर, म्हणजे तळलेल्या फुगीर पावांबरोबर.

या अन्नाची जातीशी असलेली गाठ टाळून नोंद पुरी होणार नाही. गावातले मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते आणि ते मांस त्यांच्या वाट्याला येई. आतले अवयव लवकर नासतात म्हणून ते आधी शिजत. उरलेले मांस पट्ट्या कापून वाळवत, त्या चान्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये महाड येथील परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता. ताज्या बकऱ्याच्या वजडीलाही मात्र कमीपणाचा शिक्का दीर्घकाळ चिकटून राहिला. मांस खाणाऱ्या घरांतही ‘आम्ही वजडी खात नाही’ हे वाक्य चवीपेक्षा प्रतिष्ठेबद्दल बोलते. दलितांच्या स्वयंपाकघरांतले असे कितीतरी शब्द कोशांत यायला हवेत.

पोषणाच्या दृष्टीने काळीज लोह, जीवनसत्त्व अ, फोलेट व बी-12 यांनी समृद्ध आहे. 1926 मध्ये मायनट व मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी घातक पांडुरोगावर (पर्निशियस ॲनिमियावर) यकृताचा आहार गुणकारी ठरतो हे दाखवले. त्यांना व संशोधक व्हिपल यांना 1934 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामागचे बी-12 वेगळे काढता आले ते 1948 मध्ये. या शोधाचा एक धागा मुंबईत आहे. 1928 मध्ये इथे आलेल्या ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स यांनी गिरणी कामगारांमधल्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला. तो यीस्टच्या अर्काने बरा होतो असे त्यांना आढळले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. तरीही गरोदरपणात काळीज जपून खावे, कारण जीवनसत्त्व अ फार झाले तर गर्भाला अपाय होतो. गाऊट (सांधे सुजवणारा आजार) असलेल्यांनी काळीज-गुर्दा टाळणे बरे; त्यांतल्या प्युरीनमुळे युरिक आम्ल वाढते. भेज्यात कोलेस्टेरॉल फार असते.