उघड्या दगडाची भिंत म्हणजे मध्ययुग?

इंग्लंडमधील खेड्यांतल्या जुन्या चर्चच्या छायाचित्रांखाली एक वाक्य वर्षानुवर्षे फिरत असते: आतल्या भिंतींचा उघडा, करडा दगड हेच त्यांचे मध्ययुगीन मूळ रूप होय. असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण उघडा दगड पाहताक्षणीच जुना भासतो.

प्रत्यक्षात या इमारतींना आतून सर्रास चुन्याचा गिलावा केलेला असे आणि त्यावर संतांची, अंतिम न्यायदिनाची रंगीत चित्रे काढलेली असत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या (प्रोटेस्टंट पंथाच्या उदयाच्या) काळात त्यांवर सफेदी चढली, पण तिच्याखाली काही चित्रे टिकून राहिली; ग्लॉस्टरशरमधील केम्प्ली येथील बाराव्या शतकातील चित्रे १८७२ मध्ये अशीच सफेदीखाली सापडली. त्याच एकोणिसाव्या शतकात, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, अनेक वास्तुविशारदांनी जीर्णोद्धार करताना ‘खरा’ दगड दिसावा या (बहुधा प्रामाणिक) हेतूने गिलावाच खरवडून काढला. म्हणजे आज जे प्राचीन वाटते, ते पुष्कळदा दीडशे वर्षांपूर्वीच्या अभिरुचीचे फळ असते.

याची पडताळणी भिंतीजवळ उभे राहूनही करता येते. खिडकीच्या कडेचे घडीव दगड बाजूच्या ओबडधोबड दगडांहून किंचित पुढे आलेले असतील, तर तो फरक बहुधा गिलाव्याच्या जाडीचा असतो. कोपऱ्यांत किंवा स्मृतिशिलांच्या मागे जुन्या चुन्याचे तुकडेही कधी कधी शिल्लक असतात, आणि दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरलेल्या असतील, तर ते काम निश्चितच मध्ययुगातले नव्हे.