राख गेली आणि चिकटा आला : विजेच्या धूपदाणीची पार्श्वभूमी

विजेची धूपदाणी घरात आली की पहिले दोन-तीन आठवडे सगळे खूश असतात. निखारा नको, फुंकर नको, देवघराच्या फळीवर राख नको. मग एके दिवशी उदाच्या वासात करपलेल्या गुळासारखा वास मिसळतो, धूर डोळ्यांना झोंबतो आणि वाटीच्या तळाशी काळा, चकचकीत, नखाने न निघणारा थर दिसतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी घरे असोत की आणखी कुठली, पहिला संशय जातो तो ऊद विकणाऱ्यावर. उदात भेसळ असतेच, नाही असे नाही. पण हा थर शुद्ध गुग्गुळ घातला तरी धरतो. त्याचे कारण कळायला धूप जाळायच्या भांड्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, धुपाटणे मात्र आता फार थोड्यांनी हाताळलेले असते. म्हणीमागच्या गोष्टीतला वेंधळा धुपाटण्याच्या वरच्या वाटीत तेल घेतो, मग तुपासाठी तेच उलटे करून खालच्या पोकळीत तूप घेतो, तेव्हा तेल सांडते, आणि शेवटी तेल कुठे हे दाखवताना ते पुन्हा उलटे करून तूपही सांडतो. म्हणजे धुपाटण्याला दोन पोकळ्या असतात, वर निखाऱ्यांची वाटी आणि खाली पोकळ बैठक. ही बैठक शोभेसाठी नव्हती. निखाऱ्याची आच धरणाऱ्याच्या हाताला किंवा खालच्या पाटाला लागू नये म्हणून मध्ये हवा ठेवलेली होती. आजच्या स्वस्त प्लॅस्टिक-बैठकीच्या धूपदाणीत नेमकी हीच हवेची जागा काटकसरीपायी गाळलेली असते. तळ पिवळा पडणे आणि वायरीचे आवरण कडक होऊन तडकणे तिथूनच सुरू होते.

वरच्या वाटीत निखारा कधी नुसता ठेवत नसत. तळाला राखेचा थर, त्यावर गोवरीचा किंवा कोळशाचा निखारा, आणि निखाऱ्यावर राखेची पातळ साय धरली की मग ऊद. लाल निखारा ५००-६०० अंश सेल्सियसच्या वर असतो. राळ त्यावर थेट पडली तर सुगंध देण्याआधीच पेट घेते. राखेची साय ही आच मारते. राखेचे दुसरे काम याहून मोठे होते. वितळलेली राळ राख शोषून घ्यायची आणि न जळलेला चिकटा राखेतच अडकायचा. सकाळी राख झटकली की भांडे मोकळे. उरलेसुरले डाग चिंच आणि राख लावून घासले जात. राखेतला क्षार राळेतल्या आम्लांना भेटला की त्यांचा एक प्रकारचा साबण होतो आणि तो पाण्याने धुऊन जातो. धुपाटणे स्वच्छ करणे हे वेगळे काम कधी नव्हतेच, कारण रोजची राखच ते करत होती.

जपानमध्ये सुगंधाचा सोहळा करणाऱ्यांनी हेच तत्त्व फार नाजूक केले. पेटता कोळसा राखेच्या ढिगात पुरायचा, वर अभ्रकाची पातळ चकती ठेवायची आणि तिच्यावर सुगंधी लाकडाची कपची. लाकूड जळत नाही, फक्त तापते. विजेची धूपदाणी हेच करू पाहते, पण तिच्याकडे ना राख आहे ना अभ्रक, असलीच तर एक पत्र्याची वाटी.

आता त्या वाटीत काय पडते ते पाहू, कारण सफाईचा सगळा हिशेब त्यावर आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा अध्यायच घातला आहे, त्यात धुपाची मिश्रणे आहेत. आईन-ए-अकबरीत बादशाही सुगंधांच्या यादीत लोबान येतो. (ती लिहिणारा अबुल फजल ग्वाल्हेरजवळच्या आंतरीला पुरलेला आहे.) दौलतराव शिंद्यांचा तळ १८१०मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला हलला आणि त्या छावणीचेच लष्कर झाले. छावणीबरोबर आलेल्या घरांनी कुळाचाराचा धूप आणला, आणि मन्सूरशाह अवलियांवर शिंदे घराण्याची श्रद्धा असल्यामुळे लोबानही परका राहिला नाही. गुग्गुळ देवघराचा आणि लोबान दर्ग्याचा, ही वाटणी इथे फारशी टिकली नाही.

शिवाय माल दाराशीच होता. गुग्गुळाचे काटेरी झुडूप चंबळच्या बीहडात (घळींच्या प्रदेशात), मुरैना-भिंडच्या बाजूला उगवते. धुपाचा डिंक देणारी सालईची झाडे श्योपूरच्या जंगलात आहेत, कुनो राष्ट्रीय उद्यानात खैर आणि करधईच्या सोबतीने. गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. जास्त डिंक मिळावा म्हणून खोल खाचा दिल्या की झुडूप वाळते. म्हणून बाजारात गुग्गुळ म्हणून मिळणाऱ्या मालात दुसरे डिंक आणि राळ मिसळलेली असणे नवलाचे नाही. लोबान मात्र दूरचा, सुमात्राच्या बाजूचा. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’ म्हणत. युरोपात त्याचे बेंझोइन झाले, त्यातून काढलेल्या आम्लाला बेंझोइक आम्ल हे नाव पडले, आणि १८३३मध्ये जर्मन रसायनज्ञ मिटशरलिखने तेच आम्ल चुन्याबरोबर तापवून मिळवलेल्या द्रवातून पुढे ‘बेंझीन’ हा शब्द रूढ झाला. आपल्या ‘ऊद’ शब्दाची गंमत अशी की अरबीत त्याचा अर्थ लाकूड, आपण तो राळेला लावला.

सफाईच्या दृष्टीने या सगळ्या मालाचे दोनच गट पडतात. लोबान ही जवळजवळ निव्वळ राळ. ती वितळते, स्पिरिटात विरघळते, पाण्यात नाही. गुग्गुळ आणि सालई यांत राळेबरोबर खरा डिंकही असतो. हा डिंक वितळत नाही, तापला की सरळ करपतो. तो पाण्यात फुगतो आणि सुटतो, स्पिरिटात मात्र ढिम्म राहतो. काळ्या थरात राळ आणि करपलेला डिंक पापुद्र्यांसारखे एकमेकांवर बसलेले असतात. नुसत्या स्पिरिटाने किंवा नुसत्या गरम पाण्याने तो निघत नाही याचे कारण हेच.

लोबान जाळणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसते आणि ती पाहून लोक घाबरतात. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या, बारीक, सुईसारख्या काड्या वाढलेल्या असतात. उजेडात तिरके धरले तर चमकतात, बोटाने टेकले तर मोडतात. ही बुरशी नव्हे. हे बेंझोइक आम्लाचे स्फटिक. ते १२२ अंशांना वितळते, पण त्याआधीच वाफ होऊन उडू लागते आणि गार झाकणावर पुन्हा घट्ट होते. सोळाव्या शतकात लोबान तापवून हे आम्ल असेच काढत असत. ते नाकात गेले तर खोकला येतो, म्हणून झाकण पूर्ण गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे. फुंकू नये.

विजेची आच धुपाला उशिरा मिळाली. निकेल-क्रोमच्या मिश्रधातूचे पेटंट आल्बर्ट मार्श यांना १९०६मध्ये मिळाले. लाल होऊनही न गंजणारी ही नायक्रोमची तार आली, तेव्हाच इस्त्री, टोस्टर, शेगडी यांना विश्वासू तापतार लाभली. पण छोट्या धूपदाणीचे खरे पूर्वज डासांच्या मॅटची यंत्रे आहेत. जपानमध्ये तशी मॅट १९६३मध्ये बाजारात आली, आपल्याकडे गुड नाइट १९८४मध्ये. मॅटच्या गरम पट्टीवर कापराची वडी ठेवायचा घरगुती उद्योग तेव्हापासूनचा. आजची सॉकेटात खोचायची कापूरदाणी तोच उद्योग, फक्त पट्टीच्या जागी वाटी आली.

या दोन वंशांचा फरक दुरुस्तीत कळतो. नायक्रोमचा तापक येईल ती वीज घेतो. २३० व्होल्टला ४० वॉटचा तापक २६० व्होल्टला सुमारे ५१ वॉट ओढतो, आणि रात्री उशिरा विजेचा दाब चढला की तीच वाटी जास्त करपते. दुसऱ्या, मॅटच्या यंत्रांच्या वळणाच्या प्रकारात बेरियम टायटॅनेटची सिरॅमिक चकती असते. ठरलेल्या तापमानाजवळ तिचा रोध एकदम वाढतो आणि ती स्वतःच हात आखडता घेते. कापराला ही चकती उत्तम. राळेला ती कमी पडते, कारण बऱ्याच चकत्या राळ नीट धुमसण्याआधीच थांबतात. राळ अर्धवट वितळून पसरते आणि रोज नवा थर चढतो. कापूरदाणीत गुग्गुळ घालणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. उलट बाजूने, ४० वॉटच्या नायक्रोम वाटीत कापूर टाकू नये. त्याची वाफ ज्वलनशील असते आणि उघड्या तापलेल्या तारेवर ती पेटते.

आता सफाई. प्लग काढावा आणि वाटी कोमट होईपर्यंत थांबावे, साधारण १० ते १५ मिनिटे. हाताला सोसेल इतक्या उबेत राळ मऊ असते. तेव्हा आइस्क्रीमच्या लाकडी काडीने कडेकडून आत खरवडावे. स्क्रू-ड्रायव्हर किंवा सुरी नको. मुलाम्यावर एक ओरखडा पडला की पुढची राळ तिथेच मूळ धरते. वाटी सुटी असेल तर एका काचेच्या भांड्यात ती बुडेल इतके, ३० ते ४० मिलिलिटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट घेऊन अर्धा तास ठेवावी. द्रव चहासारखा तपकिरी झाला की राळ सुटली. ते ओतून द्यावे. मग पाव लिटर उकळत्या पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून त्यात १५ मिनिटे. आता डिंकाचा काळा पापुद्रा कडेने उचलला जातो आणि नायलॉनच्या घासणीने निघतो. क्रम उलटा केला तर राळेच्या आवरणाखाली पाणी पोचतच नाही. वाटी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोडा वर्ज्य, ती काळी पडून खड्डे पडतात. तिथे नुसते गरम पाणी आणि भांड्याचा साबण, आणि दोनदा. पितळेच्या वाटीला शेवटी चिंच किंवा पितांबरी लावायला हरकत नाही.

वाटी सुटी नसेल तर यंत्र कधीच बुडवू नये. कापसाची काडी स्पिरिटात भिजवून, पिळून, तापणाऱ्या, पण आता गार झालेल्या बाजूवर गोल फिरवावी, काडी काळी झाली की बदलावी. थर जाड असेल तर आठ-दहा काड्या लागतात. थेंब कडेच्या फटीतून खाली गेला तर तो तारेच्या टोकांवर जाऊन बसतो. म्हणून काम करताना यंत्र किंचित कलते, फट वर राहील असे धरावे. आणि पुसल्यावर किमान अर्धा तास, पंख्याखाली, प्लगबाहेर. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ग्वाल्हेरच्या जानेवारीतही बंद खोलीतले तापमान बहुधा त्याच्यावरच असते. ‘थंडी आहे, काही होत नाही’ या भरवशावर लगेच बटण दाबू नये.

पावसाळ्यात एक वेगळी तक्रार येते. वाटीत टाकताच गुग्गुळ तडतडतो आणि बारीक ठिणगीसारखे कण कडेला उडून चिकटतात. डिंकाने हवेतली ओल ओढलेली असते, ती वाफ होऊन फुटते. खडे हरभऱ्याएवढे करून एका थाळीत उन्हात सुकवावेत, मग घट्ट झाकणाच्या बरणीत. एका वेळी दोन खडे पुरतात. मूठभर टाकले तर वरचे खडे सुगंध देईपर्यंत खालचे कोळसा होतात.

धूपदाणी तापत नसेल तर खोलण्याआधी प्लग काढून मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. नायक्रोमच्या ४० वॉटच्या यंत्रात तो १३०० ओहमच्या आसपास येतो. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली किंवा उष्णतेचा फ्यूज उडाला. हा फ्यूज तारेच्या ओळीत, कापडी नळीत झाकलेला असतो आणि एकदाच कामी येतो. बरेच मिस्त्री तिथे तार जोडून यंत्र ‘चालू करून’ देतात. तसे घेऊ नये. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी उष्णता अडकली होती, बहुधा तळाच्या हवेच्या फटी राळेने बुजल्या होत्या. त्याच अंकांचा (तेवढ्याच तापमानाचा आणि अँपिअरचा) फ्यूज घालावा आणि फटी मोकळ्या कराव्यात. वायर बदलायची वेळ आली तर साधी पीव्हीसी नको, ती साधारण ७० अंशांपर्यंतचीच. तापकाकडच्या टोकाला काचतंतूची किंवा सिलिकोनची नळी हवीच.

राखेकडे परत जाता येते, हेही सांगायला हवे. सुट्या वाटीच्या तळाशी चाळलेल्या गोवरीच्या राखेचा दोन मिलिमीटरचा थर दिला की चिकटा राखेत अडकतो. आठवड्याने राख फेकायची, नवी घालायची, आणि स्पिरिट महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच लागते. राख उष्णता अडवते, म्हणून वाटी तापायला पाच-सात मिनिटे जास्त धरावीत. थर जाड केला तर ४० वॉटमध्ये धूर निघतच नाही. सॉकेटात खोचायच्या कापूरदाणीत मात्र हे करू नये. तिच्या वाटीखाली उघड्या फटी असतात आणि ओल धरलेली राख थेट वीजजोडांवर जाऊन बसते.