पाटी नंतर वाचा

संग्रहालयात मोठ्यांची नजर आधी चित्राशेजारच्या पाटीवर जाते, मुलांची थेट चित्रावर. मोठे चित्रकाराचं नाव आणि साल वाचून दाखवतात, तोवर मूल पुढच्या दालनात पोचलेलं असतं.

व्हिएन्नात पीटर ब्रूगेल या चित्रकाराचं १५६० सालचं एक चित्र आहे. त्यात २०० हून अधिक मुलं ८० च्या आसपास खेळ खेळतायत. कुणी काठीनं कडं पळवतंय, कुणी पिंपावर बसलंय, कोपऱ्यात दोघी हाडांचे सागरगोटे खेळतायत. आणि चेहरे नीट पाहिले तर फारसं कुणी हसताना दिसत नाही! पाटीत डोकं घातलं की हे निसटतं.

मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन यांनी चित्र असं नीट पाहायला लावण्यासाठी तीन साधे प्रश्न रूढ केले. या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? खरं काम मधला प्रश्न करतो. ‘त्याला राग आलाय’ म्हणणाऱ्या मुलाला मग चित्रात परत जाऊन आवळलेली मूठ, चढलेल्या भुवया शोधाव्या लागतात. दिसलं काय आणि आपण ताडलं काय, यातला फरक तिथं कळतो. प्रयोगशाळेत तरी वेगळं काय करतात?

याचा पुरावाही आहे. अमेरिकेत आर्कान्सामध्ये २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं, तेव्हा सहलीसाठी इतक्या शाळांनी अर्ज केले की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या शाळांची तुलना करायला संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. सहलीत मार्गदर्शक माहिती थोडीच देत, मुलांनाच बोलतं करत. काही आठवड्यांनी सुमारे ११,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. जाऊन आलेली मुलं अनोळखी चित्राबद्दल अधिक बारकाईनं विचार मांडत होती. फरक सरसकट मोठा नव्हता, पण खेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांत तो जास्त होता.

घरच्यांसोबतच्या भेटीत मात्र एक गोष्ट खटकते. संशोधक केविन क्रॉली आणि सहकाऱ्यांनी एका बालसंग्रहालयात विज्ञानाच्या खेळण्यांभोवतीची कुटुंबं न्याहाळली. निष्कर्ष २००१ साली छापून आले. खेळणं कसं चालवायचं, हे आईवडील मुलामुलींना सारखंच सांगत होते. पण असं का होतं, हे समजावून सांगण्याची शक्यता मुलग्यांच्या बाबतीत तिप्पट होती. या पाहणीतली मुलं जेमतेम एक ते आठ वर्षांची होती.