तब्येत नाजूक आहे : एका शब्दामागचा इतिहास

मिरजेच्या एका दवाखान्यातून रात्री अकराच्या सुमारास आमच्या घरी फोन आला. आजोबांना दोन दिवसांपूर्वी तिथं दाखल केलं होतं. पलीकडचा माणूस घाईत होता. "पेशंटची तब्येत नाजूक आहे," एवढंच म्हणाला. फोन आजीनं घेतला होता. ती म्हणाली, "व्हय, त्येंची तब्येत लगीन झाल्यापास्नं नाजूकच हाय," आणि रिसीव्हर ठेवून झोपायला गेली. सकाळी काका आले, बोलता बोलता फोनचा विषय निघाला आणि घरात एकच धावपळ उडाली. आजोबा त्या दुखण्यातून उठले. पण ती रात्र आजीला पुढं कायम टोचत राहिली.

तिनं ऐकलं ते चुकीचं नव्हतं. 'नाजूक तब्येतीचा माणूस' म्हणजे ज्याला वारा लागला की पडसं होतं, तेलकट खाल्लं की पोट बिघडतं, पण जो असाच ऐंशी वर्षं जगतो. 'माणसाची तब्येत नाजूक आहे' म्हणजे नातेवाइकांना बोलावून घ्या. शब्द तेच, जागा बदलली की एकात स्वभाव आणि दुसऱ्यात धोका. उर्दूतही 'नाजुकमिजाज' हा स्वभाव आणि 'हालत नाजुक' ही धोक्याची सूचना, असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. आजीचा उर्दूशी संबंध मिरजेच्या बाजारापुरता. तिच्या बोलीत पहिला अर्थ मुरलेला होता, दुसरा वर्तमानपत्रांनी आणि दवाखान्यांनी आणला होता.

त्या फोनपासून मी या शब्दाच्या मागं लागलो.

'नाजूक' फारसीतून आला. फारसीतला 'नाज' म्हणजे लाड, नखरा, तोरा, आणि 'नाजुक' त्याच गोतातला. मराठीनं त्याला घरात घेताना दोन बदल केले. फारसीतला 'जु' ऱ्हस्व, आपण तो दीर्घ केला, कारण अकारान्त शब्दात शेवटून दुसरा उकार दीर्घ म्हणायची आपली सवय. आणि तिकडच्या 'झ'कडे झुकणाऱ्या उच्चाराच्या जागी आपल्या 'जाऊ'तला 'ज' बसवला, 'जीवन'मधला नव्हे. बाजार, जमीन, नजर हे शब्द आले त्याच वाटेनं तोही आला. सातारा-सांगलीचा मुलूख आधी बहमनी आणि मग विजापूरच्या आदिलशाहीत होता. वाई हे आदिलशाही सुभ्याचं ठाणं, अफझलखान तिथला सुभेदार. दप्तर, कचेरी, लष्कर, पेठ या सगळ्या ठिकाणी फारसी शब्द कानावर पडत होते. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं राजव्यवहारकोश रचला गेला आणि कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तो प्रयत्न कारभाराच्या भाषेसाठी होता. माणसाच्या अंगकाठीला, फुलाला, दागिन्याला काय म्हणायचं हे दप्तरातून ठरत नाही. शिवाय पुढं शाहू महाराजांच्या काळात सातारा ही राजधानी होती. 1689 ते 1707 त्यांचं बालपण आणि तारुण्य मोगल छावणीत गेलेलं. 1708 मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झालेल्या त्या राजाच्या दरबारात फारसी वळणाचे शब्द परके वाटले असतील, असं मला वाटत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात 'नाजूक' फारसी मूळ सांगून नोंदलेला आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात तो मराठीत चांगला रुळला होता.

पण 'नाजूक' यायच्या आधी आपल्याकडं काय होतं? या प्रश्नापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, कारण उत्तर फार श्रीमंत आहे.

शके 1212 मधल्या, म्हणजे इ.स. 1290 च्या ज्ञानेश्वरीत कोवळं, मवाळ, हळुवार हे तिन्ही शब्द पहिल्याच अध्यायात भेटतात. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं मवाळ मनानं वेचतात, तशी ही कथा ऐका, 'अतिहळुवारपण चित्ता आणूनियां' असं श्रोत्यांना सांगितलं आहे. म्हणजे ऐकणाऱ्याचं चित्त कसं असावं याची ही अट आहे. त्याच अध्यायात भुंग्याचा दाखला येतो. कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो, जीव गेला तरी पाकळी चिरत नाही. स्नेह असा कोवळेपणानंच कठीण असतो. मराठीत कोवळेपणाबद्दल इतकं खोल काही याहून आधी किंवा नंतर लिहिलं गेलं असेल, तर ते माझ्या वाचनात नाही. सहाव्या अध्यायात तर मराठी बोलाचीच थोरवी सांगताना 'कोंवळिक' हा शब्द आला आहे, आणि तिच्यापुढं नादाचे रंगही थोडे पडतात असं म्हटलं आहे.

या शब्दांची मुळं आपल्या मातीतली. संस्कृत 'कोमल'चं प्राकृतातून 'कोवळं' झालं, 'मृदु'चं 'मऊ', आणि मऊपासून 'मवाळ'. 'हळू'ची कथा मला विशेष आवडते. मूळ शब्द 'लघु'. प्राकृतात 'घ'चा 'ह' झाला आणि मग 'ल' आणि 'ह' यांनी जागा बदलल्या. हेमचंद्रानं बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीसाठी वेगळा नियमच दिला आहे. म्हणजे जे वजनानं हलकं ते हळू, आणि त्यातूनच हळवं, हळुवार. पाटण, जावळीच्या भातखाचरांत आजही 'हळवं भात' आणि 'गरवं भात' म्हणतात. हळवं लवकर तयार होतं, गरवं उशिरा. हळवं म्हणजे लघु, गरवं म्हणजे गुरु. छंदशास्त्रातली ती जोडी डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यानं दोन हजार वर्षं सांभाळून ठेवली आहे, आणि माणूस भरून आल्यावर पटकन रडला की त्यालाही तो 'हळवा' म्हणतो.

'मवाळ'चं नशीब वेगळं निघालं. राष्ट्रसभेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, जहाल आणि मवाळ असे दोन गट पडले, 1907 मध्ये सुरतेला फूट पडली, आणि चकोराच्या मनासाठी वापरलेला शब्द राजकीय शिक्का होऊन बसला. आज कुणाला मवाळ म्हटलं की त्यात कमी कणा असल्याचा वास येतो. गोखले, रानडे यांच्या कामाची खोली माहीत असणाऱ्यांना हे खटकतं. मलाही खटकतं.

असे हे घरचे शब्द असताना 'नाजूक' टिकला आणि पसरला, कारण त्याच्यात मोडण्याची भीती होती. कोवळं जून होतं, मऊ कडक होतं, पण ते मोडत नाही. नाजूक वस्तू मोडते. हा अर्थछटेतला फरक तासगाव भागातल्या द्राक्षबागेत जितका स्पष्ट ऐकू येतो तितका कुठं येत नाही. कोवळी फूट, कोवळं पान असं म्हणतात, पण ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली आणि आभाळ भरून आलं की शब्द बदलतो. "टप्पा नाजूक हाय," असं बागायतदार म्हणतो आणि रात्री उठून फवारणीला लागतो. तिथं नाजूक फूल नाही, नाजूक आहे तो काळ. आठ दिवस पाऊस लागला आणि डाऊनी हा बुरशीचा रोग आला तर वर्षाची कमाई जाते. पुढं माल काढणीला आला की घड देठाला धरून उचलायचा, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची ती पांढरी पूड पुसली तर भाव उतरतो. घडाला हात लावायच्या आधीच पोरींना दम असतो, "जपून गं." नाजूक हा शब्द वस्तूविषयी बोलतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर तो तिला धरणाऱ्या हाताला सांगत असतो.

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत हे आणखी पक्कं झालं. इथली सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही कला दीडशे वर्षांहून जुनी. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ती उभी केली. तलवारीला पाणी देणाऱ्या हातांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतलं. पंढरपूरच्या भागातून येणारा भोपळा कोरडा, हलका, दिसायला अगदी ठिसूळ. पण खरं काम घोडीवर. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं केसाएवढा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. याला जवारी काढणं म्हणतात. जास्त घासलं तर आवाज झरतो, कमी पडलं तर बसतो. सुताचा धागा तारेखाली सरकवला की गुंजन उमलतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी गाणं होतं. तिथं बसणाऱ्या श्रोत्यांच्या तोंडी 'नाजूक' फारसा येत नाही. ते 'नजाकत' म्हणतात.

हे दोन शब्द सख्खे आहेत. 'नाजुक'वरून अरबी नामांच्या साच्यात घालून फारसीनं 'नजाकत' घडवला. अरबांनी न बनवलेला, पण अरबी वाटणारा हा शब्द. मराठीत दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. नाजूकपणा ही उणीव ठरते, त्याला सांभाळावं लागतं. नजाकत मात्र कमवावी लागते, ती गायकाकडं, लावणीच्या अदेत, फलंदाजाच्या मनगटात असते. सराफाच्या दुकानात मात्र उलटंच. तिथं 'नाजूक दाखवा' म्हटलं की कमी वजनाचं दाखवतात, आणि सोन्याचा भाव चढला की नाजूक घडणीची मागणी वाढते.

शरीर आणि लाज यांच्या बाबतीत मात्र बोलीनं 'नाजूक'ला बराच काळ बाहेर ठेवलं होतं. आपल्याकडं त्यासाठी 'अवघड' होता. 'अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य' ही म्हण अजून खेडोपाडी चालते. दिवस भरत आलेल्या बाईला 'अवघडलेली' म्हणतात, आणि त्या शब्दात तिच्या बसण्या-उठण्याचा त्रास आहे, लपवणं नाही. 'दोन जिवांची' म्हणताना तर सरळ माया आहे.

लपवण्याचं काम 'नाजूक'कडं आलं ते बातम्यांतून. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला एक शीर्षक पाठ आहे, 'नाजूक कारणातून युवकाचा खून'. परक्या माणसाला यातलं काही कळणार नाही. आपल्याला मात्र लगेच कळतं की प्रेमप्रकरण किंवा विवाहबाह्य संबंध आहे. हा शब्द बहुधा चांगल्या हेतूनं वापरात आला. बाईचं नाव, घराची अब्रू उघड्यावर येऊ नये, निदान बातमी देणाऱ्यानं तिला हात लावू नये. त्या संकोचाचा मला आदर आहे. पण कोयत्याचे वार आणि 'नाजूक' एका ओळीत वाचताना माझा जीव गुदमरतो. बहिणीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं म्हणून भावानं तिला मारलं, तर त्यात नाजूक काय आहे? मारण्याचं कारण संशय असेल, मालकीहक्क असेल, जात असेल. त्या कारणाला त्याचं नाव द्यायला हवं. झाकायचं असेल तर मेलेलीचं नाव झाका.

सरकारनं 'नाजूक' टाळला, तिथं 'संवेदनशील' आला. संवेदनशील मतदान केंद्र, संवेदनशील भाग. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला. शब्द जड आहे, पण तिथली गोष्ट खरीखुरी नाजूक आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही तसंच, जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर असतो, त्यावर पावसाळ्याअखेर सीतेची आसवं, तेरडा, गेंद फुलतात. पश्चिम घाटाच्या ज्या ठिकाणांना 2012 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे. तिथं वाटेवरून एक पाऊल बाजूला टाकलं की पुढच्या वर्षीचं बी तुडवलं जातं. वाट दाखवणारी गावची माणसं पाहुण्यांना 'संवेदनशील' म्हणत नाहीत. ती म्हणतात, "पाय बघून टाका."

आजोबांना त्या दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस मला आठवतो. गाडी दारात लागली. काका आणि शेजारची दोन पोरं खुर्चीसकट त्यांना उचलून पायऱ्या चढवत होती. त्यांचं वजन तोवर अगदी उतरलं होतं. आजी दारात उभी, एक हात चौकटीला धरलेला. तब्येत कशी आहे हे तिनं कुणालाच विचारलं नाही. खुर्ची उंबऱ्यावरून आत येईपर्यंत ती एकच शब्द म्हणत होती, "हळू रं बाळांनो. हळू. हळू."