मुलाचा मधुमेह आणि वडिलांचा वाटा : पार्श्वभूमी

टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार न होण्याचा आजार, झालेल्या मुलाचे रोजचे सगळे कोणी करायचे, हा प्रश्न १९२२ पूर्वी फारसा उद्भवतच नव्हता, कारण जवळजवळ उपाशी ठेवणाऱ्या आहारापलीकडे उपाय नव्हता आणि मूल फार काळ जगत नसे. त्या वर्षी जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि जीव घेणारा आजार जन्मभर सांभाळण्याचा झाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ उपचारांसाठी तेथे आली, इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक डॉ. बँटिंग यांना पत्र लिहिणारी आणि तिला घेऊन येणारी मात्र तिची आई होती.

पुढची कित्येक दशके हेच चालले. लघवीत साखर किती हे कळावे म्हणून निळ्या बेनेडिक्ट द्रावणात तिचे आठ थेंब टाकून नळी उकळायची, रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहायचे, काचेची सिरिंज उकळायची, सुईला धार लावायची आणि घास मोजून वाढायचा, हे सारे स्वयंपाकघराच्या आसपास घडत असे. दवाखान्याच्या वेळा दिवसाच्या, त्यामुळे डॉक्टरांनी शिकवलेले आईच्याच पदरी पडे. वडिलांची माया कमी होती असे मला वाटत नाही. कामाची घडीच अशी बसली होती की त्यांना ते शिकण्याची वेळ येत नसे.

ही घडी बदलण्यामागे उपचारच कारण ठरला. बोट टोचून घरी साखर मोजण्याची सोय १९८० च्या दशकात रुळली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४४१ रुग्णांवरील अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाने दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने अथवा शरीरात सतत इन्सुलिन सोडणारा पंप वापरून साखर काटेकोर ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसा वाचतात हे दाखवले. त्याच अभ्यासात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंगही सुमारे तिप्पट झाले होते. म्हणजे पहारा रात्रीचाही आला, आणि तो एकट्या माणसाला झेपणारा नव्हता.

संशोधकांचे लक्ष वडिलांकडे उशिरा गेले, कारण बहुतेक पाहण्यांत प्रश्न आईलाच विचारले जात. टिम वायसॉकी आणि लेस्ली गॅव्हिन यांनी २००४ मध्ये मुलांच्या दीर्घ आजारांत वडील किती हातभार लावतात आणि तो किती उपयोगी पडतो, हे मोजणारी प्रश्नावली मांडली. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात वडिलांचा सहभाग जास्त असलेल्या घरांतील किशोरवयीन मुले उपचार अधिक नीट पाळताना आढळली.

काही वडील यंत्रांच्या वाटेने आले. अभियंता जॉन कॉस्टिक यांनी २०१३ मध्ये आपल्या मधुमेही लहान मुलाच्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर आणून कामाच्या जागेवरून पाहण्याची सोय स्वतः लिहिली. त्यातून असे आकडे दुरून पाहू देणारी ‘नाइटस्काउट’ ही प्रणाली उभी राहिली. दुसरे अभियंता एड डॅमियानो यांच्या मुलाला अकराव्या महिन्यात मधुमेह झाला होता. त्यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या स्वयंचलित पंपाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. या दोघांविषयी मला मनापासून आदर आहे, तरी पडद्यावरचा आकडा पाहणे हा कामाचा एक भागच आहे. रात्री दोन वाजता सेन्सर वाजल्यावर उठून झोपेतल्या मुलाला बसते करायचे, घोट घोट रस पाजायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर पाहायची, हे काम अजून कोणाला तरी हातानेच करावे लागते.