दार बडवलं, तरी तिला कळलं कसं नाही?

शनिवारी रात्री नौपाड्यातल्या आमच्या घरी भाच्याने ‘हश’ लावला. माइक फ्लॅनगनचा 2016 सालचा थरारपट. जंगलातल्या घरात एकटी राहणारी कर्णबधिर लेखिका मॅडी आणि दाराबाहेर खुनी. सुरुवातीलाच रक्तबंबाळ मैत्रीण काचेचं दार बडवते आणि मॅडी पाठमोरी, स्वयंपाकघरात आपल्याच नादात. भाचा वैतागला, “काहीही! बहिऱ्यांना कंपनं जास्त कळतात ना?”

कळतात, पण ती आधी अंगापर्यंत पोचायला हवीत.

तळहात-तळपायांच्या त्वचेत खोलवर पॅसिनी कणिका असतात. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या फिलिप्पो पॅसिनीने त्यांचं वर्णन केलं. जेमतेम मिलिमीटरभराचा कांदाच म्हणा ना. मधोमध चेतातंतूचं टोक, भोवती पापुद्रे, पापुद्र्यांमध्ये द्रव. हळू दाबलं तर पापुद्रे एकमेकांवरून सरकतात आणि दाब वाटेतच जिरतो. झटका बसला तर सरकायला वेळच मिळत नाही, तो थेट गाभ्यात जातो. खिशातला फोन थरथरला की लगेच कळतं ते यांच्यामुळे. सेकंदाला 200 ते 300 कंपनं ही यांची लाडकी पट्टी. तिथे मायक्रोमीटरच्या अंशाएवढी हालचालही पुरते. साधारण 40च्या खाली यांची धार बोथट होते आणि काम त्वचेत वरच्या थरात असणाऱ्या माइस्नर कणिकांकडे जातं. हजाराच्या वर सगळाच कारभार आटोपतो.

हवेतला आवाज मात्र त्वचेवर आदळून बहुतेक परत फिरतो. कानाला ही अडचण सोडवायला पडदा आणि तीन इवलीशी हाडं आहेत, त्वचेला तशी सोय नाही. म्हणून मॅडीचा हात दारावर असता तर गोष्टच वेगळी. जमीनही फार मदत करत नाही, निदान आपल्याकडे तरी. आमची इमारत रुळांलगत आहे. फास्ट लोकल गेली की मांडणीवरचे पेले किणकिणतात, पण त्याच स्लॅबवर पलीकडच्या खोलीत कोण चालतंय ते पायांना कळत नाही. लाकडी फळ्यांची जमीन जास्त लवते, तिथे थोडं जमतं.

सिनेमातल्या धोक्याच्या घंटेला झगझगीत दिवे आहेत, तेही योग्यच. अशा घंटांचा कर्कश सूर बहुधा सेकंदाला 3000 कंपनांच्या आसपास असतो, म्हणजे त्वचेच्या आवाक्याबाहेर.

‘देव एक काढून घेतो, दुसरं दुप्पट देतो’ हे आपलं लाडकं वाक्य. कान गेल्याने कणिका वाढत नाहीत, बदलतो तो मेंदू. 2001 साली डीन शिबाटा यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं की कर्णबधिरांच्या हाताला कंपन दिलं की एरवी ऐकण्याचं काम करणारा भागही जागा होतो. मॅडीचं ऐकणं तेराव्या वर्षी जिवाणूंच्या मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेल्या सुजेने, गेलेलं. या आजारात संसर्ग आतल्या कानापर्यंत पोचून तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मारू शकतो आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा ‘बहिरेपणावर रामबाण’ तेलांच्या नादी लागू नका. कानाचा पडदा शाबूत असेल तर त्यापलीकडे थेंबही जात नाही.

रविवारी भाच्याने हेडफोनवर ढणाढणा गाणी लावली, डोळे मिटले आणि दाराला तळहात टेकवला. मी बाहेरून नुसती टिचकी मारली, त्याने मान हलवली. मग त्याने हात दोन बोटं मागे घेतला. मी मुठीने दार बडवलं तरी पठ्ठ्या ढिम्म. समोरच्या काकू मात्र लाटणं घेऊन बाहेर आल्या.